बिनक्लचची गाडी

दसरा मागे पडला आणि पावसानं पाठ फिरवली, की आमच्या पिंपरी पेंढारच्या शिवारात कात्र्यांचा आवाज सुरू होतो. द्राक्षांच्या छाटणीचा. बारीक, कोरडा, सकाळभर एका लयीत चालणारा. छाटलेल्या काडीच्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब येतो आणि तिथंच थांबतो. थोडे दिवस गेले की फुटी निघतात, मग गंधकाची धुरळणी होते, आणि तो पिवळा, नाकाला किंचित झोंबणारा वास घरात, अंथरुणात, अगदी पोळीच्या घासातसुद्धा येऊन बसतो. हा वास आला की मला एकच साल आठवतं. त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. मधे कितीतरी छाटण्या झाल्या, बागेचे वेल काढून नवे लावून झाले. तरी मी मनाशी ‘हंगाम’ असा शब्द उच्चारते तेव्हा तो त्याच सालचा असतो. त्या हंगामात आमच्या अक्का गाडी चालवायच्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, दादांची बायको. त्यांचं माहेर शिनोलीचं, घोडेगावाहून भीमाशंकरकडे निघालं की लागतं ते. लहानपणी ताप आला आणि त्यांचा डावा पाय गेला. गेला म्हणजे जागेवर होता, पण नुसता सोबतीला. चालताना त्या डाव्या हातानं मांडी दाबून धरायच्या आणि मग पाऊल टाकायच्या. त्यामुळे त्यांचं प्रत्येक पातळ त्या एका जागी विरायचं. बाकी सगळं नवंकोरं, आणि मांडीवर तळहाताएवढा तुकडा जाळीसारखा झालेला. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा अक्कांच्या पायाच्या आधी मला दोरीवर वाळत घातलेली ती पातळं दिसली होती. हे असं का, ते कळायला दुपार झाली.

आमचं घर गावात आणि बाग कालव्याच्या पलीकडे. वाट खडीची, चढउताराची. बाग लावली ती अक्कांच्या हौसेनं. पहिली काही वर्षं त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जायच्या. पण ट्रॉलीत चढायला दोघांनी हात द्यावा लागे, उतरताना पुन्हा दोघांनी. अक्कांना ते आवडेना. हळूहळू त्या जायच्या थांबल्या. मग ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहायच्या. काडीचे डोळे फुगलेत का, घड किती दिसतात, पानाच्या मागं पांढरं काही आहे का. माणसं कामाच्या घाईत असायची. “फुटलंय की सगळं झ्याक,” म्हणून निघून जायची. अक्का मान हलवायच्या आणि पुढच्याची वाट बघायच्या.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला दादांनी ती गाडी आणली. पुण्याच्या एका बिल्डरनं आमच्या शिवाराजवळ फार्महाऊस बांधलं होतं, त्याची ती जुनी गाडी. परदेशी बनावटीची, लांब नाकाची, चिकूच्या सालीच्या रंगाची. एके काळी साहेबलोकांनी ड्रायव्हर ठेवून मागं बसून फिरायची. काचा बटणावर खालीवर होत, सीट बटणावर पुढंमागं सरके, समोर खऱ्या लाकडाची पट्टी होती. बसलं की माणूस आत रुतायचा. एवढी गाडी नव्या मोटारसायकलीच्या भावात का मिळाली, तर वय झालं होतं, पेट्रोल भारी खायची, आणि मुख्य म्हणजे तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. आमच्या भागात असली गाडी कोणी हातात धरायला तयार नव्हतं. दादांना मात्र हौस दांडगी. म्हणाले, रोजच्याला वापरू, जीप काय सगळेच घेतात. गावानं तिला ‘बटणाची गाडी’ असं नाव दिलं.

पण दादांचं आणि तिचं जमलं नाही. त्यांचा डावा पाय वर्षानुवर्षं ट्रॅक्टर आणि जीपचा क्लच दाबत आलेला. तो सवयीनं क्लच शोधायचा, सापडायचा ब्रेक, आणि त्यावर असा पडायचा की मागं बसलेली माणसं पुढच्या सीटवर आदळायची. सासूबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं. दादांनी पाय आखडून बघितला, चप्पल काढून बघितली. शेवटी वैतागले आणि गाडी कांद्याच्या चाळीशेजारच्या पत्र्याखाली उभी करून टाकली. कोंबड्या तिच्या टपावर बसायला लागल्या.

एका दुपारी अक्का त्या गाडीत जाऊन बसल्या. बसायला मऊ आणि पाय लांब करता येतो, एवढ्यासाठीच. मी चाळीतला कांदा निवडत होते. त्यांनी मला हाक मारली.

“मंगल, जरा वाकून बघ गं. खाली पायडल किती हायेत?”

मी वाकून पाहिलं. “दोनच आहेत, अक्का. एक ब्रेकचं आणि एक पळवायचं.”

“दोन्ही एकाच पायानं दाबायची?”

“हो. उजव्याच.”

अक्का बराच वेळ स्टिअरिंगकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग डाव्या पायाचं हिला कामच न्हाई.”

दादांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. चावी आणून त्यांनी अक्कांच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी खळ्यावर गाडी नेली आणि अक्का शिकायला लागल्या. त्या डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेत, बाजूला नीट ठेवून देत, झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा. मग बटण दाबत, आणि सीट घुं करत पुढे येई. गिअरच्या दांड्याजवळच्या इंग्रजी अक्षरांना त्यांनी आपली नावं दिली होती: पुढं, मागं आणि बस. त्यांच्या पायाला कसलीच जुनी सवय नव्हती, त्यामुळे मोडायचंही काही नव्हतं. खळ्यावर गोल गोल, मग कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर सरळ. दादा शेजारी बसायचे आणि इकडे स्वतःचाच डावा पाय दाबत राहायचे. पुढे रीतसर परवाना काढला. डॉक्टरांनी पाय तपासला, साहेबांनी गाडी बघितली, मैदानात फेरी मारायला लावली आणि होकार दिला. परत येताना वाटेत दादांनी पेढे घेतले.

त्यानंतरची ती थंडी. सकाळी धुकं कालव्यावर पडून असायचं आणि त्यातून ती लांब नाकाची गाडी हळू, अजिबात आवाज न करता बागेकडे जायची. मागच्या मखमली सीटवर आम्ही गोणपाट अंथरलं होतं. डिकीत फवारणीची औषधं, रिकामे क्रेट, बायांच्या भाकरीची फडकी. गाडीत जुन्या चामड्याचा आणि गंधकाचा मिळून एक वास झाला होता. तो वास पुन्हा कुठं आला नाही. बागेशी पोचलं की अक्का दार उघडून बांधापर्यंत जात, मांडव धरत धरत ओळीत शिरत. मांडवाच्या तारा हाताला असल्यामुळे बागेत त्यांना मांडी दाबावी लागत नसे. दोन्ही हात वर, डोक्यावर पानांचा हिरवा उजेड, आणि बोटांनी घडातले मणी विरळायचं काम. एखादं पान उलटून त्या त्याच्याकडे इतक्या जवळून बघायच्या की मला वाटायचं, आता यांना ते पान काहीतरी सांगेल. कोणाला काही विचारायची त्यांना गरज उरली नव्हती. घरी आल्यावर आता दादांना त्याच सांगायच्या, खालच्या चार ओळींत आज फवारा घ्या म्हणून.

त्या सालात उसातून बिबट्या फिरत होता. दिवस कलला की बाया घरी जायला घाबरायच्या. मग अक्का त्यांना गाडीतून सोडायच्या. मागं पाच-सहा जणी दाटीनं, मांडीवर विळे आणि गवताचे भारे, काच बटणावर खालीवर करून बघत, हसत खिदळत. वस्तीवरची माणसं आधी थांबून बघायची. पायानं अधू बाई, आणि तीही असल्या गाडीत. काही जणी तोंडावर पदर धरून कुजबुजायच्या. नंतर सवय झाली. ओतूरच्या बाजारात तर भाजीवाली म्हणायची, “अक्का, गाडी हिकडं लावा, सावलीला.” फाटकाच्या खांबाला एकदा उजवी बाजू घासली, दारावर लांब ओरखडा उठला. अक्का उतरून तो बघून आल्या. दादा काही बोलायच्या आत म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. माझ्या हातची खूण हाय.”

संक्रांतीनंतर त्या म्हणाल्या, शिनोलीला जाऊन येऊ. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माहेरी जायचं म्हणजे कुणीतरी नेणार तेव्हा, कुणाला सवड असेल तेव्हा. एसटीच्या पायऱ्या उंच, त्यात जुन्नरला बदला, घोडेगावला बदला. त्या दिवशी आम्ही दोघीच निघालो. ओतूर गेलं, जुन्नर गेलं, शिवनेरी उजवीकडून हळूहळू मागं सरकला. शेतांत हरभरा उभा होता. मी चहाला थांबू या म्हटलं तर अक्कांनी नुसती मान हलवली. त्यांना थांबायचं नव्हतं. घोडेगाव ओलांडल्यावर डोंगर जवळ आले आणि त्यांचा चेहरा मुलीसारखा झाला.

त्यांचे वडील, तात्या, अंगणात दोरी वळत बसले होते. वयानं वाकलेले, पण हात चालता. अक्कांच्या लहानपणी याच माणसानं त्यांना खांद्यावर बसवून, ओढ्याच्या पाण्यातून शाळेत पोचवलं होतं. गाडी बघून ते उठले.

“जावई कुठं राह्यले?”

“न्हाई आले,” अक्का म्हणाल्या.

“मंग गाडी कुनी आनली?”

“मीच की, तात्या.”

तात्यांनी गाडीला एक पूर्ण चक्कर मारली. चालवायच्या बाजूचं दार उघडून आत वाकून बघितलं. काय बघितलं कोण जाणे. मग पलीकडून येऊन पुढच्या सीटवर बसले. अक्कांनी त्यांना डिंभे धरणापर्यंत नेलं. मी मागं होते. आधी तात्यांनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती. पाणी दिसायला लागलं तेव्हा हात सुटले आणि मांडीवर येऊन पडले.

घरी आल्यावर अक्का आत चहाला गेल्या. तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, “लई वरसं एकच घोर व्हता, बाई. आपल्या मागं हिला कोन उचलनार. आज न्हाई राह्यला.”

निघताना त्यांनी लेकीजवळ एकच मागितलं. तिची बाग त्यांनी कधी पाहिली नव्हती. लेकीच्या घरी उगीच जाऊन राहायची त्यांच्या पिढीला सवय नव्हती. म्हणाले, “तुजी बाग दाव एकदा.” अक्का म्हणाल्या, “माल गोडीला आला का मीच येते न्यायला. ह्याच गाडीतनं.”

माघ संपत आला, मण्यांत पाणी उतरलं, हिरव्याला पिवळी झाक आली. आणि एका दुपारी ओतूरहून परतताना, स्टँडच्या पुढे, गाडी थांबली. इंजिन चालू होतं. दांडा ‘पुढं’वर होता. अक्का पाय देत होत्या, इंजिन ओरडत होतं, पण गाडी जागची हलेना. करपलेल्या तेलाचा वास आला. लोक जमले. शेवटी गावचा ट्रॅक्टर आणून दोर बांधला. अक्का स्टिअरिंग धरून बसल्या होत्या, नजर समोर, ताठ. दोन्ही बाजूंना माणसं बघत उभी होती आणि त्या ओढल्या जाणाऱ्या गाडीला नीट रस्त्याच्या मधोमध ठेवत होत्या.

ओतूरच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि हात टेकले. त्यानं असलं यंत्र कधी उघडलं नव्हतं. पुण्याहून एक जण येऊन गेला. गिअरबॉक्स संपलाय, म्हणाला, गाडीचं वय झालंय, हा भाग बाहेरून मागवावा लागेल, नाहीतर कुठं भंगारात मिळाला तर बघू. दादांनी ठिकठिकाणी सांगून ठेवलं. रोज वाटायचं, आज निरोप येईल.

इकडे काढणी सुरू झाली. माणसं, क्रेट, ट्रक, नुसती धांदल. दादा म्हणाले, जीप करून तात्यांना घेऊन येऊ. अक्का म्हणाल्या, “मी न्यायला येते म्हनलेय त्यांना. हू द्या दुरुस्त.” बागेच्या टोकाच्या दोन ओळी त्यांनी तोडू दिल्या नाहीत. तात्यांसाठी राखल्या. मण्यांवर साखर चढत गेली, मधमाश्या आल्या, पाखरं आली. अक्कांना आता तिकडं जाता येत नव्हतं. मी रोज एक घड आणून त्यांच्या पुढ्यात ठेवायचे. त्या एक मणी तोंडात टाकायच्या आणि म्हणायच्या, अजून थांबेल. मग मणी सुरकुतायला लागले. एके दिवशी मी आणलेल्या घडाला त्यांनी हात लावला नाही. “काढून टाका,” म्हणाल्या. त्या दोन ओळींचे बेदाणे झाले होते, वेलीवरच.

वैशाखात शिनोलीहून फोन आला. तात्या झोपेतच गेले. आम्ही भाड्याची जीप करून गेलो. चढताना अक्कांना दोघांनी हात दिला. घोडेगावापर्यंत त्या मागच्या बाकावर माझ्या खांद्याला टेकून होत्या, आणि डोंगर दिसायला लागले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

गिअरबॉक्स कधीच मिळाला नाही. गाडी पत्र्याखाली तशीच उभी राहिली. टायर बसले, लाकडी पट्टीला वाळवी लागली. दोन पावसाळ्यांनी भंगारवाला टेंपो घेऊन आला. दादांनी पुण्यात पुष्कळ विचारलं होतं, पण बिनक्लचच्या नव्या गाड्या तेव्हा फार थोड्या आणि आमच्या आवाक्याच्या बाहेरच्या. अक्कांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. त्या ओट्यावर परत आल्या. मला वाटतं, एखादी गोष्ट माणसाला कधी मिळालीच नाही तर त्याचं दुःख सवयीचं होऊन जातं. अक्कांना तो एक हंगाम मिळाला होता. त्यांना बागेत हात वर करून उभं राहिलेलं मी पाहिलं होतं, म्हणून ओट्यावर बसलेल्या अक्का मला बघवायच्या नाहीत.

आणि आता बघा, आमच्या गल्लीतच तसल्या तीन गाड्या आहेत. यंदा माझ्या सूनबाईनं घेतली, लहानशी, लाल. छाटणी चालू होती म्हणून ती आम्हा सगळ्यांना बागेत घेऊन गेली. बांधाजवळ उतरल्यावर ती अक्कांना म्हणाली, “मोठ्या आई, तुम्ही चालवायच्या ना? बसा की, इथं मोकळं आहे.” तिनं हात दिला, अक्का बसल्या. डावा पाय उचलून आत घेतला. उजवा पाय पायडलवर ठेवला आणि जरासा दाबला. गुडघ्यातून कळ गेलेली मला त्यांच्या ओठांवर दिसली. जन्मभर सगळा भार एकाच पायावर पडला, त्याचा गुडघा आता कामातून गेलाय.

“न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “ह्यानं दोघांचं काम केलं. आता त्याला आनखी सांगायला नको.”

दादा शेजारी बांधावर बसले होते. त्यांना आता कमी दिसतं. ते बराच वेळ मातीत काडीनं काहीतरी उकरत राहिले. मग, इतक्या वर्षांत जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते, अगदी साध्या आवाजात त्यांनी सांगितलं.

“मी गेलो व्हतो तवा शिनोलीला. जीप घिऊन. तुला न सांगता. म्हनलं, तात्यांना आनून एकदम बागेतच हुभं करावं. तर न्हाई आले.”

अक्का गाडीच्या दारात बसल्या होत्या, पाय बाहेर सोडून. त्यांनी वळून बघितलं.

“म्हनले, ती येनारे न्यायला. ती आली आन मी घरी नसलो, तर?” दादा थांबले. “तुला सांगितलं न्हाई. म्हनलं, पार्ट आज-उद्या मिळंलच. कशाला हिच्या जिवाला घोर.”

सूनबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी ती हळूच बाजूला झाली.

“मला सांगायचं व्हतं,” अक्का म्हणाल्या. रागानं नाही, अगदी हळू. “मी गेले असते की. जीपमधी मागं बसून गेले असते.”